दार, जिना, पिंप, मांडव : घरच्या वस्तूंतून चार स्विच

भिंतीवरचं दिव्याचं बटण एकदा अगदी सावकाश दाबून पाहा. अर्ध्यापर्यंत ते आपल्या बोटाच्या गतीने जातं. मग मात्र ते आपण होऊन पलटतं आणि ‘खट्’ आवाज येतो. तो आवाज आतल्या स्प्रिंगचा असतो. आपण कितीही हळू दाबलं तरी आतले धातूचे दोन तुकडे झटकन जुळावेत आणि झटकन सुटावेत, म्हणून ती स्प्रिंग बसवलेली असते. १८८४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉन हेन्री होम्स यांनी ही झटक्याची रचना शोधली. ते तुकडे सावकाश सुटले तर मधल्या फटीत ठिणगी रेंगाळते आणि धातू जाळते, ही त्या काळातली मोठी अडचण होती.

एवढं कळलं की स्विचचं अर्धं शास्त्र कळलं. स्विच म्हणजे धातूचे दोन तुकडे. ते एकमेकांना टेकले की वीज जाते, सुटले की थांबते. त्यांचं टेकणं स्वच्छ असलं पाहिजे, घट्ट असलं पाहिजे आणि सुटणं पुरतं असलं पाहिजे. पुढे आपण जे जे बनवणार आहोत, त्यात बिघाड झाला तर तो बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एका ठिकाणी सापडेल.

हे स्विच कुठे लावायचे, त्यासाठी मुंबईतल्या चाळीकडे पाहू. वरळीच्या बीडीडी चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधल्या. १२१ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, एकेका इमारतीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, बाकीच्यांचं स्थलांतर टप्प्याटप्प्याने होणार आहे. घर जुनं असो वा नवं, चाळीच्या राहणीतल्या चार जागा आपण इथे घेऊ : खोलीचं दार, जिना, पाण्याचं पिंप आणि गणपतीचा मांडव. या चारही जागांना वेगवेगळ्या तऱ्हेचा स्विच लागतो, म्हणून शिकायला त्या सोयीच्या आहेत.

आधी एक पक्का नियम

इथले सगळे स्विच फक्त पेन्सिल सेलवर चालवायचे. दोन सेल मिळून ३ व्होल्ट होतात. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. पुठ्ठा आणि फॉइलचा स्विच तिथे ठिणगी पाडेल, पेट घेईल, जिवावर बेतेल. मुलांनी हे मोठ्यांसोबत करावं. बटणासारखे चपटे सेल लहान मुलं गिळतात आणि ते घशात अडकून गंभीर जखम करतात, म्हणून आपण ते वापरणारच नाही.

सामान

घरात सापडेल ते : खोक्याचा जाड पुठ्ठा, डब्यात पोळ्या गुंडाळायचं ॲल्युमिनियम फॉइल, फॉइल संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची नळी, चपलांचं खोकं, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुनी लग्नपत्रिका, दोरा, सेलोटेप, बारीक पॉलिश पेपर. कागद-पेन्सिलीच्या दुकानातून : ड्रॉइंग पिना आणि तारेच्या जेम क्लिपा.

विकत आणायचं ते : दोन पेन्सिल सेल, सेल होल्डर, चार-पाच लाल एलईडी, १०० ओहमचे तेवढेच रेझिस्टर, १००० ओहमचा एक रेझिस्टर, ३ व्होल्टवर वाजणारा छोटा बझर, बीसी ५४७ नावाचा एक ट्रान्झिस्टर आणि बारीक वायर. हे सगळं ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं. वायर आणि होल्डर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीतही मिळतील.

यातली तीन नावं समजून घेऊ. एलईडी म्हणजे थोड्याशा विजेवर पेटणारा आणि एकाच दिशेने वीज जाऊ देणारा छोटा दिवा. त्याचा लांब पाय सेलच्या अधिक बाजूकडे जातो, आखूड पाय उणे बाजूकडे. रेझिस्टर म्हणजे विजेचा ओघ आवरणारा भाग. तो नसेल तर एलईडी जळू शकतो. १०० ओहमच्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे असतात. १००० ओहमवर तपकिरी, काळा, लाल. ट्रान्झिस्टरकडे आपण पिंपाच्या वेळी वळू.

पायरी पहिली : दिवा पेटतो का ते पाहणं

सर्किट म्हणजे विजेने सेलच्या एका टोकातून निघून दुसऱ्या टोकात परत येण्याचा पूर्ण रस्ता. होल्डरची लाल वायर १०० ओहमच्या रेझिस्टरला जोडा. रेझिस्टरचं दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला पिळा. आखूड पायाला एक वायर लावा. आता ती वायर होल्डरच्या काळ्या वायरीला टेकवा. दिवा पेटला पाहिजे.

स्विच बनवण्याआधी ही तपासणी करायचीच. ती टाळली की पुढे दिवा न पेटल्यावर दोष स्विचचा आहे की दिव्याचा हे कळत नाही आणि चांगला स्विच उगाच मोडला जातो.

दिवा पेटला नाही तर आधी एलईडीचे पाय उलट करून पाहा. मग सेल होल्डरमध्ये उलटे बसलेत का ते पाहा. मग वायरीची टोकं पाहा. प्लॅस्टिकचं आवरण दोनेक सेंटीमीटर सोललेलं हवं. जुन्या मोटरीतून काढलेली तांब्याची तार उघडी दिसते, पण तिच्यावर पारदर्शक लाखेसारखा थर असतो. पॉलिश पेपरने तिची टोकं चकचकीत घासल्याशिवाय तिच्यातून वीज पुढे जात नाही.

पायरी दुसरी : सगळ्यात साधा स्विच

हाताच्या तळव्याएवढा पुठ्ठा घ्या. त्यावर तीन सेंटीमीटर अंतरावर दोन ड्रॉइंग पिना अर्ध्याच टोचा. एलईडीकडून आलेल्या वायरीचं सोललेलं टोक एका पिनेखाली गुंडाळा, होल्डरच्या काळ्या वायरीचं टोक दुसरीखाली.

पहिल्या पिनेखाली जेम क्लिपचं एक टोक अडकवा आणि दोन्ही पिना पूर्ण दाबा. क्लिप फिरवून तिचं मोकळं टोक दुसऱ्या पिनेच्या डोक्यावर आणा. दिवा पेटेल. क्लिप बाजूला सारा, दिवा विझेल.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, रंगीत क्लिपा. त्यांच्यावर प्लॅस्टिकचा लेप असतो, त्यातून वीज जात नाही. साधी चंदेरी क्लिप घ्यावी. दुसरी, पिनेचं डोकं रंगवलेलं असणं. तिथे पॉलिश पेपर चालवावा. तिसरी चूक पुठ्ठ्याच्या मागे लपते. पिनांची टोकं आरपार जातात आणि पुठ्ठा स्टीलच्या ओट्यावर किंवा ताटात ठेवला की ती खालच्या धातूतून एकमेकींना जोडली जातात. मग क्लिप कुठेही असो, दिवा पेटलेलाच राहतो. मागे पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा चिकटवला की हे टळतं.

पायरी तिसरी : दाराचा चिमटा

चाळीत दार दिवसभर उघडंच असतं, त्यामुळे हा स्विच रात्रीसाठी, नाहीतर खाऊच्या कपाटासाठी. याची रीत आधीच्या स्विचच्या उलट आहे. चिमट्याचे जबडे स्प्रिंगमुळे मिटायलाच पाहतात, आपण मध्ये पत्रिकेचा तुकडा घालून त्यांना अडवून ठेवतो. तुकडा निसटला की स्विच आपोआप चालू होतो.

चिमट्याच्या दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजूला फॉइलची एकेक पट्टी गुंडाळा आणि प्रत्येक पट्टीखाली वायरीचं सोललेलं टोक दाबून वरून टेप लावा. आत जिथे जबडे टेकतात तिथे मात्र टेप येता कामा नये.

आता सेल, बझर आणि चिमटा एकामागोमाग जोडा. बझरची लाल वायर सेलच्या अधिक बाजूकडे. बझरला रेझिस्टर लागत नाही. जबडे मिटल्याबरोबर तो वाजला पाहिजे.

पत्रिकेचा दोन बोटं रुंद तुकडा कापा, त्याला भोक पाडून दोरा बांधा आणि तुकडा जबड्यांत धरवा. बझर थांबेल. चिमटा चौकटीला पक्का बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला. दार उघडलं की तुकडा ओढला जाईल आणि बझर वाजेल.

तुकडा अडकवूनही बझर वाजत राहिला तर चिमट्याची स्प्रिंग पाहा. ती धातूची असते. दोन्ही बाजूंचं फॉइल मागे सरकून तिला लागलं की वीज जबड्यांना वळसा घालून स्प्रिंगमधून जाते. विजेने असा नको असलेला जवळचा रस्ता धरणं, याला शॉर्ट होणं म्हणतात. फॉइल जबड्याच्या पुढच्या भागापुरतंच ठेवावं. तुकडा निघूनही बझर वाजला नाही तर दोरा सैल आहे, नाहीतर फॉइल चुरगळून वर-खाली झालंय. नखाने घासून ते सपाट करावं.

पायरी चौथी : जिन्याचा स्विच

जिन्याचा दिवा खालून लावायचा आणि वर पोचल्यावर वरून बंद करायचा. वायरमन याला टू-वे स्विच म्हणतात. दोन साधे स्विच एकापुढे एक जोडून हे काम होत नाही. वरचा बंद असला की खालचा निरुपयोगी होतो.

त्यासाठी दोन पुठ्ठे घ्या आणि प्रत्येकावर तीन पिना त्रिकोणात टोचा. एका पिनेला क्लिप अडकवा, हिला मुख्य पिन म्हणू. क्लिप फिरली की उरलेल्या दोन पिनांपैकी एकीवर टेकली पाहिजे. त्या दोघी म्हणजे डावी आणि उजवी.

पहिल्या पुठ्ठ्याची डावी पिन दुसऱ्या पुठ्ठ्याच्या डावीला लांब वायरीने जोडा. उजवी उजवीला. आता दोन पुठ्ठ्यांमध्ये दोन वायरी झाल्या. पहिल्या पुठ्ठ्याची मुख्य पिन सेलच्या अधिक टोकाला जोडा. दुसऱ्याच्या मुख्य पिनेपासून रेझिस्टर, एलईडी आणि मग सेलचं उणे टोक.

दोन्ही क्लिपा एकाच वायरीवर असल्या की दिवा पेटतो, वेगवेगळ्या वायरींवर असल्या की विझतो. म्हणून कोणत्याही पुठ्ठ्यावरची क्लिप हलवली तरी दिव्याची स्थिती बदलते. कागदावर चारही शक्यता मांडून पाहा : डावी-डावी, डावी-उजवी, उजवी-डावी, उजवी-उजवी. दोनदा दिवा, दोनदा अंधार.

लोकांना वाटतं की लांब वायरींची अदलाबदल झाली तर सगळं बिघडेल. तसं होत नाही. फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या जागा बदलतात. खरी चूक मुख्य पिनेची होते. लांब वायर मुख्य पिनेला लागली तर एका पुठ्ठ्याची क्लिप ठरावीक जागी असेल तेव्हाच दुसऱ्यावरून दिवा चालतो, एरवी नाही. म्हणून मुख्य पिनेभोवती आधीच लाल पेनाने गोल करून ठेवावा.

पायरी पाचवी : मांडवातला फिरता ड्रम

गिरणगावातल्या मंडळांचे चलचित्र देखावे पाहायला लोक रांगा लावतात. इलेक्ट्रॉनिक चिप स्वस्त होण्याआधी पळत्या दिव्यांच्या मागे असा ड्रम असे : मोटरीने सावकाश फिरणारा आणि एकामागून एक स्विच दाबल्यासारखं काम करणारा. तो तुम्हाला घरच्या मखरासाठी करता येतो.

पुठ्ठ्याच्या नळीला फॉइल घट्ट गुंडाळून चिकटवा. सुरकुती राहू देऊ नका. नळीच्या लांबीवर चार पट्टे आखा, प्रत्येक दोन सेंटीमीटर रुंद. पहिला पट्टा सगळीकडून उघडा ठेवायचा. त्यातून वीज ड्रमवर येणार.

नळीच्या घेराला दोरा गुंडाळून मापा आणि त्याचे तीन भाग करा. दुसऱ्या पट्ट्यावर पहिला भाग उघडा ठेवून बाकी दोन भाग सेलोटेपने झाका. तिसऱ्या पट्ट्यावर मधला भाग उघडा, चौथ्यावर शेवटचा. टेपखालून वीज वर येत नाही, उघड्या फॉइलवरून येते.

इथे नळीचा घेर म्हणजे वेळ आणि नळीची लांबी म्हणजे दिव्यांची संख्या. उघडा भाग लांब ठेवला तर तो दिवा जास्त वेळ पेटेल. दोन पट्ट्यांवर एकाच जागी फॉइल उघडं ठेवलं तर दोन दिवे एकदम पेटतील. आधी चौकटीच्या कागदावर आराखडा काढावा आणि तो नळीवर उतरवावा. देखाव्यातली सगळी गंमत या आराखड्यात ठरते.

नळीची दोन्ही टोकं पुठ्ठ्याच्या चकत्यांनी बंद करा आणि मधोमध मोडक्या छत्रीची काडी घाला. काडी चपलांच्या खोक्याच्या दोन बाजूंतून आरपार काढा आणि एक टोक वाकवून हँडल करा. काडी फिरवली की नळीही फिरली पाहिजे. नुसती काडीच फिरत असेल तर चकत्यांशी डिंक लावा.

आता चार जेम क्लिपा सरळ करून त्यांची टोकं गोल वाकवा. हे झाले ब्रश, म्हणजे फिरत्या ड्रमला टेकून वीज घेणाऱ्या तारा. खोक्यावर जाड पुठ्ठ्याची आडवी पट्टी बसवून त्यावर चारही ब्रश पिनांनी रोवा, प्रत्येक आपापल्या पट्ट्यावर हलका दाब देत टेकलेला. पहिल्या ब्रशला सेलचं अधिक टोक. उरलेल्या प्रत्येक ब्रशला स्वतंत्र रेझिस्टर आणि स्वतंत्र एलईडी. तिन्ही एलईडींचे आखूड पाय एकत्र करून सेलच्या उणे टोकाला.

हँडल सावकाश फिरवा. दिवे एकामागून एक पेटत जातील.

इथे बिघाड ब्रशपाशी होतो. टोक टोकदार राहिलं तर ते फॉइल फाडतं. दाब कमी असला तर दिवा फडफडतो. टेपची कड उचलली गेली तर ब्रश तिथे अडकतो. म्हणून ड्रम नेहमी एकाच दिशेने फिरवावा आणि कडा बोटाने दाबून बसवाव्यात. ब्रश शेजारच्या पट्ट्यावर सरकला तर दोन दिवे एकदम पेटतील, त्याची पिन घट्ट करावी.

पायरी सहावी : पिंप भरल्याची खूण

ठरलेल्या वेळी पाणी येणार, पिंप भरून ठेवायचं आणि ते वाहून जाऊ द्यायचं नाही, ही चाळीतली रोजची धावपळ. पिंप काठोकाठ आलं की दिवा पेटवणारा स्विच बनवता येतो, आणि इथे दोन तुकडे जोडण्याचं काम पाणीच करतं.

पण नळाच्या पाण्यातून वीज फार थोडी जाते. सेल आणि एलईडीच्या मध्ये दोन तारा पाण्यात बुडवल्या तर दिवा पेटणार नाही किंवा जेमतेम दिसेल. इथे ट्रान्झिस्टर लागतो. थोड्या विजेच्या इशाऱ्यावर जास्त वीज जाऊ देणारा हा तीन पायांचा स्विच १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्माला आला.

बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावा पाय कलेक्टर, वीज आत घेणारा. मधला बेस, इशारा घेणारा. उजवा एमिटर, वीज बाहेर सोडणारा.

सेलचं अधिक टोक १०० ओहमच्या रेझिस्टरला, तिथून एलईडीचा लांब पाय, आखूड पाय कलेक्टरला. एमिटर सेलच्या उणे टोकाला. बेसला १००० ओहमचा रेझिस्टर लावून त्याच्या पुढे एक लांब वायर, ही पहिली तार. दुसरी तार थेट सेलच्या अधिक टोकापासून. दोन्ही तारांची टोकं एकमेकींना टेकवा. दिवा लख्ख पेटला तर जोडणी बरोबर आहे.

आता प्लॅस्टिकच्या फूटपट्टीवर दोन्ही तारा एक सेंटीमीटर अंतरावर टेपने बसवा. खालची टोकं दोन सेंटीमीटर उघडी ठेवा. पट्टी पिंपाच्या काठावर अशी अडकवा की पाणी जिथवर यायला हवं तिथे टोकं येतील. सेल आणि ट्रान्झिस्टर पिंपाच्या बाहेर, कोरड्या जागी. जमलं की एलईडी आणि त्याच्या रेझिस्टरच्या जागी बझर लावावा : लाल वायर सेलच्या अधिक टोकाला, काळी कलेक्टरला.

दिवा मंद असेल तर टोकं आणखी थोडी सोला किंवा जवळ आणा. पाणी खाली गेल्यावरही दिवा राहिला तर पट्टीवर टोकांच्या मध्ये थेंब अडकलाय, तो पुसून घ्या. दिवा कधीच पेटत नसेल तर ट्रान्झिस्टर उलटा बसला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

अधिक बाजूची तांब्याची तार पाण्यात हळूहळू हिरवी पडते, कारण वीज जाताना तांबं पाण्यात उतरतं. म्हणून हा स्विच वापरायच्या पाण्याच्या पिंपालाच लावावा, पिण्याच्या नाही. पिंप भरलं की पट्टी काढून पुसून ठेवावी.

अडलं तर या क्रमाने पाहा

कोणताही स्विच चालेना तर स्विचच्या दोन टोकांना एक सुटी वायर लावून त्याला वळसा द्या. दिवा पेटला तर दोष स्विचमध्ये. नाही पेटला तर दोष सेल, एलईडी किंवा जोडांत. स्विचमध्ये असेल तर तीन प्रश्न विचारा. धातू स्वच्छ आहे का? दाब पुरेसा आहे का? सुटल्यावर खरंच पूर्ण सुटतंय का?

काम झालं की सेल काढून ठेवा. सेल किंवा वायर गरम लागली तर कुठेतरी शॉर्ट झालंय, लगेच सेल काढा आणि मगच शोधायला लागा.

मुलांची गोडी वाढली तर पुढची वाट जवळच आहे. डॉ. ई. मोझेस मार्गावरचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून खुलं आहे आणि तिथे वस्तू हाताळून शिकता येतं. पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी घडवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

टॉवरमधल्या घरात पिंप नसेल, पण गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद करायलाही पाण्याची पातळी ओळखणारा स्विचच लागतो. लिफ्टचं दार नीट मिटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही, कारण ते मिटल्याची खूण एक स्विच देतो. सोसायटीच्या सभेत पंपाच्या किंवा लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघेल, तेव्हा ज्या घरातल्या मुलीने पुठ्ठ्यावर चार स्विच बनवलेत, तिला कारागिराला नेमका प्रश्न विचारता येईल : कॉन्टॅक्ट घासलाय, की स्प्रिंग सैल झालीय?